वेतनातील तफावत कशी तपासावी: कारणे वेगळी काढणे आणि भेदभाव ओळखणे

एकाच ठिकाणी काम करणाऱ्या दोन गटांच्या पगारात फरक दिसला की त्यावर दोन ठरीव उत्तरे ऐकू येतात. ज्याची जशी लायकी तसा त्याचा पगार, असे एक जण म्हणतो. हा उघड उघड भेदभाव आहे, असे दुसरा म्हणतो. दोघेही आकडे नीट न पाहताच निकाल देऊन मोकळे होतात. प्रत्यक्षात कोणत्याही तफावतीत अनेक कारणे एकमेकांत मिसळलेली असतात, आणि ती टप्प्याटप्प्याने वेगळी काढता येतात. कामगार संघटनेचा प्रतिनिधी, मनुष्यबळ विभागातील अधिकारी किंवा आपल्याला कमी पगार मिळतो अशी शंका असलेला कर्मचारी, यांपैकी कोणालाही हे काम करता यावे अशा बेताने पुढील पद्धत मांडली आहे.

भेदभाव या शब्दाचा अर्थ आधी नेमका करून घ्यावा. काम करण्याची क्षमता सारखी असताना लिंग, वंश, जात, धर्म, वय किंवा अपंगत्व अशा कामाशी संबंध नसलेल्या ओळखीमुळे कमी मोबदला मिळणे हा भेदभावाचा एक प्रकार झाला. त्याच ओळखीमुळे जास्त मोबदल्याच्या जागेपर्यंत पोहोचताच न येणे हा दुसरा. पहिला प्रकार पगारपत्रकात सापडतो, दुसरा बहुतेक वेळा सापडत नाही. आणि माझ्या मते या विषयावरील निम्मे गैरसमज केवळ पगारपत्रकावर विसंबल्यामुळे निर्माण होतात.

आधी आकडे सारखे करावेत

तुलना नेहमी तासाच्या मोबदल्याची करावी. महिन्याचा पगार सारखा असून एकाला आठवड्यात चाळीस तास आणि दुसऱ्याला पन्नास तास राबावे लागत असेल, तर ते वेतन समान नाही. मूळ पगार, भत्ते, बोनस आणि ओव्हरटाइम यांचे रकाने वेगवेगळे ठेवावेत, कारण मूळ पगारात काटेकोर समानता राखणाऱ्या ठिकाणीही वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या बोनसमध्ये मोठा फरक आढळू शकतो. ओव्हरटाइमचा दर सहसा चढा असतो, म्हणून तो मूळ पगारात मिसळला तर तासाच्या दराचे चित्र बिघडते. शिवाय ओव्हरटाइम कोणाला देऊ केला जातो हा स्वतंत्र तपासाचा प्रश्न आहे.

सरासरीबरोबर मध्यकही काढावा. सर्वांचे पगार चढत्या क्रमाने मांडले असता बरोबर मधोमध येणारा पगार म्हणजे मध्यक. वरच्या दोन-तीन जणांच्या भरघोस पगाराने सरासरी फुगते, मध्यकावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ च्या नियमांनुसार २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना स्त्री-पुरुष वेतनातील तफावत सरासरी आणि मध्यक अशा दोन्ही पद्धतींनी जाहीर करावी लागते, ते यामुळेच. त्याच नियमांनुसार पगाराच्या क्रमाने कर्मचाऱ्यांचे चार समान भाग पाडून प्रत्येक भागात स्त्रिया किती आणि पुरुष किती हेही सांगावे लागते. हा तक्ता तयार करायला अर्धा तास लागतो, पण वरच्या भागात कोण आहे आणि खालच्या भागात कोण आहे हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके एकाही टक्केवारीतून दिसत नाही.

यादीत कोणाला घेतले आणि कोणाला वगळले, हेही लिहून ठेवावे. सफाई, सुरक्षा आणि मालाची चढउतार ही कामे कंत्राटदारामार्फत होत असतील, तर त्या माणसांची नावे पटावर नसतात आणि आस्थापनेतील सर्वांत कमी पगार हिशेबाबाहेर राहतात. नोकरी सोडून गेलेल्यांचीही नोंद शक्य तितकी मिळवावी. ज्यांना अन्याय सर्वांत जास्त सोसावा लागला ते निघून गेलेले असतील, तर उरलेल्यांचे आकडे प्रत्यक्षापेक्षा बरे दिसणार.

फरकाची साधी कारणे कोणती

भेदभावाकडे वळण्यापूर्वी इतर कारणांची यादी प्रामाणिकपणे करावी. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्येच अशी पाच कारणे नोंदवली होती: काम सुखाचे आहे की त्रासाचे, ते शिकायला सोपे की अवघड व खर्चिक, ते कायम मिळते की अधूनमधून, त्यात कामगारावर किती विश्वास टाकावा लागतो, आणि त्या धंद्यात यश मिळण्याची शक्यता किती. आजही बहुतेक वेतनरचना या पाच गोष्टींचा आधार घेतात. विसाव्या शतकात गॅरी बेकर आणि जेकब मिन्सर यांनी शिक्षण आणि अनुभव यांकडे मानवी भांडवल म्हणून पाहिले: शिकण्यात घातलेला वेळ आणि पैसा ही गुंतवणूक असून वाढीव वेतन हा तिचा परतावा होय. मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये त्यात एक महत्त्वाची भर घातली. पदवीमुळे माणसाची क्षमता वाढलीच असेल असे नाही. ती मालकाला क्षमतेची खूण म्हणूनही उपयोगी पडते. तपास करताना हा मुद्दा कामाला येतो, कारण जी अट केवळ खूण म्हणून लावली आहे आणि कामात जिचा उपयोग नाही, ती कोणाला बाहेर ठेवते हे विचारावेच लागते.

यादीत आणखी एक कारण घ्यावे लागते, ते म्हणजे मालक स्वतः. सारख्याच कौशल्याच्या दोन कामगारांना दोन ठिकाणी वेगळा पगार मिळतो, कारण एक उद्योग नफ्यात असतो आणि दुसरा नसतो, एका ठिकाणी संघटना भक्कम असते आणि दुसऱ्या ठिकाणी नसते. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की ज्या बाजारात काम देणारा एकच किंवा मोजकेच आहेत तेथे मालक कामगाराच्या उत्पादकतेपेक्षा कमी वेतन देऊन निभावून नेऊ शकतो, आणि ज्या गटाला दुसरीकडे जाणे अधिक अवघड असते त्या गटाला तो आणखी कमी देऊ शकतो. ज्यांच्यावर घरातील लहान मुलांची किंवा आजाऱ्यांची जबाबदारी असते त्यांना दूरची नोकरी धरता येत नाही. त्यांच्याविषयी मालकाच्या मनात काडीचाही आकस नसला, तरी त्यांची अडचण त्याच्या फायद्याची ठरते.

त्रासाच्या कामाला जास्त पगार मिळतो हे स्मिथचे म्हणणे पडताळताना मात्र सावध राहावे. ते खरे ठरण्यासाठी कामगाराला दुसरे काम निवडण्याची मोकळीक असावी लागते. ज्यांच्यापुढे पर्यायच नाहीत त्यांच्या वाट्याला सर्वांत घाणीचे, सर्वांत धोक्याचे आणि तरीही सर्वांत कमी पगाराचे काम येते. धोका आणि पगार एकाच दिशेने वाढत नाहीत असे दिसले, तर पर्याय कोणाचे आणि कशामुळे तुटले हा पुढचा प्रश्न असतो.

तफावतीचे दोन भाग करावेत

रोनाल्ड ओहाका आणि ॲलन ब्लाइंडर यांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते, आणि तिच्यामागील हिशेब कागदावर करता येण्याजोगा आहे. समजा, पहिल्या गटाचे सरासरी वेतन १०० आणि दुसऱ्या गटाचे ८० आहे. पहिल्या गटाचा सरासरी अनुभव १० वर्षे आणि दुसऱ्याचा ७ वर्षे. पहिल्या गटातील माणसाला सुरुवातीला ६० मिळतात आणि प्रत्येक वर्षाच्या अनुभवामागे ४ वाढतात. १० वर्षांचे ४० आणि सुरुवातीचे ६०, असे १०० होतात. दुसऱ्या गटातील माणसाला सुरुवातीला ५९ मिळतात आणि वर्षाला ३ वाढतात. ७ वर्षांचे २१ धरून ८० होतात.

आता असे विचारावे की दुसऱ्या गटाला त्यांच्या आहे त्याच अनुभवावर पहिल्या गटाचे दर लावले असते, तर किती मिळाले असते? ६० अधिक ७ गुणिले ४, म्हणजे ८८. म्हणून २० च्या तफावतीपैकी १२ अनुभवातील फरकामुळे आहेत, आणि उरलेले ८ सारख्याच अनुभवाला वेगळा दर लावल्यामुळे आहेत. पहिल्या भागाला स्पष्ट झालेली तफावत आणि दुसऱ्याला न उलगडलेली तफावत म्हणतात. प्रत्यक्षात अनुभवाबरोबर शिक्षण, कामाचा प्रकार, कामाची पाळी (शिफ्ट) अशी अनेक कारणे एकत्र घ्यावी लागतात आणि तेथे रिग्रेशन, म्हणजे प्रत्येक कारणाचा परिणाम वेगळा काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत, वापरावी लागते, पण तर्क हाच राहतो.

दोन इशारे येथेच द्यायला हवेत. हिशेब उलट बाजूने केला, म्हणजे दुसऱ्या गटाचे दर प्रमाण मानले, तर १० वर्षांच्या अनुभवाला ८९ मिळतात. मग स्पष्ट झालेला भाग ९ आणि न उलगडलेला ११ निघतो. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, म्हणून अहवालात दोन्ही द्यावीत आणि कोणते दर का प्रमाण मानले ते सांगावे. दुसरे असे की न उलगडलेला भाग म्हणजे नेमका भेदभाव नव्हे. नोंद न झालेले एखादे खरे कौशल्यही त्यात दडलेले असू शकते. गटात पाच-सहाच माणसे असतील तर ही टक्केवारी काढूच नये. अशा वेळी सारखे काम करणाऱ्या माणसांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील फरकाचे कारण लेखी मागावे.

उलगडलेल्या भागावरही संशय घ्यावा

तपासाचा खरा कस येथे लागतो, आणि बहुतेक अहवाल नेमके येथेच थांबतात. अनुभव, श्रेणी, तास यांमुळे फरक पडला असे दिसले की तो न्याय्य आहे असे गृहीत धरले जाते. ही कारणे स्वतःच भेदभावातून निर्माण झाली असतील, तर त्यांचा आधार घेणे म्हणजे भेदभावाला भेदभावाचीच साक्ष काढणे होय.

एक काल्पनिक आस्थापना घ्यावी. तेथे दोनच श्रेणी आहेत, खालच्या श्रेणीला ५० आणि वरच्या श्रेणीला १००. पुरुष शंभर आहेत, निम्मे वर आणि निम्मे खाली, म्हणून त्यांची सरासरी ७५. स्त्रियाही शंभर आहेत, पण वर दहाच आणि खाली नव्वद, म्हणून सरासरी ५५. तफावत २० ची. श्रेणी लक्षात घेतली की ती शून्यावर येते, कारण प्रत्येक श्रेणीत दोघांना अगदी सारखा पगार आहे. व्यवस्थापन खऱ्या आकड्यांच्या आधारे सांगू शकते की येथे समान कामाला समान वेतन आहे. आणि तरीही वरच्या श्रेणीत शंभरांपैकी दहाच स्त्रिया का, या प्रश्नाला तो हिशेब स्पर्शसुद्धा करत नाही.

म्हणून प्रत्येक कारणासमोर एक प्रश्न लिहावा: हे कारण कामगाराने नोकरीत येताना स्वतःबरोबर आणले, की मालकाच्या निर्णयातून निर्माण झाले? नोकरीपूर्वीचे शिक्षण पहिल्या प्रकारात बसते. श्रेणी, विभाग, मूल्यांकनाचे गुण आणि प्रशिक्षणाची संधी दुसऱ्या प्रकारात बसतात. दुसऱ्या प्रकारची कारणे हिशेबात घेऊन एकदा आणि वगळून एकदा, असे दोनदा गणित करावे, आणि दोन उत्तरांमधील अंतर हाच पुढच्या तपासाचा विषय मानावा. माझे स्पष्ट मत असे आहे की यांपैकी एकच आकडा प्रसिद्ध करणारा अहवाल, मग तो कोणत्याही बाजूचा असो, वाचकाची दिशाभूल करतो. कच्ची तफावत समान कामाच्या वेतनातील फरक फुगवून दाखवते. सर्व कारणे वजा केलेली तफावत भेदभाव कमी करून दाखवते.

अनुभव आणि कामाचे तास मधल्या जागेत येतात, आणि त्यांच्याबद्दल सबुरीने बोलावे लागते. मूल झाल्यानंतर स्त्रियांच्या कमाईत होणारी घट हे याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण आहे. डेन्मार्कमधील माहितीवर आधारित २०१९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले की पहिले मूल होईपर्यंत स्त्री आणि पुरुष यांच्या कमाईची वाटचाल जवळपास सारखी असते, मुलाच्या जन्माबरोबर स्त्रीची कमाई एकदम खाली येते, आणि दीर्घकाळात सुमारे २० टक्क्यांचे अंतर कायम राहते. पुरुषाच्या कमाईवर मूल झाल्याचा जवळजवळ काहीच परिणाम दिसत नाही. २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी यामागची कामाची रचना उलगडली. काही व्यवसायांत लांब आणि अनिश्चित तास देणाऱ्याला तासांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक मोबदला मिळतो. दुप्पट तास काम करणाऱ्याला दुप्पटीहून जास्त पगार दिला जातो. याउलट औषध दुकानांतील फार्मासिस्टांचे काम असे बदलले आहे की एकाची जागा दुसरा सहज घेऊ शकतो, आणि गोल्डिन यांना त्या व्यवसायात स्त्री-पुरुषांमधील तफावत फारच कमी आढळली. तपास करणाऱ्याने यावरून विचारायचा प्रश्न असा: हे लांब तास कामाची खरी गरज आहेत, की केवळ सवयीने चालत आले आहेत? या प्रश्नाचे उत्तर पगारपत्रकात मिळत नाही. ते काम प्रत्यक्ष पाहूनच द्यावे लागते.

कामाचे मोल कोणी आणि कसे ठरवले

समान कामाला समान वेतन हे तत्त्व दोघे जण तेच काम करत असतील तेव्हाच उपयोगी पडते. पण स्त्रिया एका विभागात आणि पुरुष दुसऱ्या विभागात असतील, तर तुलनेला जोडीदारच सापडत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ च्या आपल्या १०० क्रमांकाच्या करारात समान मूल्याच्या कामाला समान मोबदला असे शब्द वापरले, ते याच अडचणीवरचा उपाय म्हणून.

इंग्लंडमधील डॅगनहॅम येथील फोर्डच्या कारखान्यात १९६८ मध्ये घडलेला प्रसंग या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांना नव्या श्रेणीकरणात कुशल कामाऐवजी खालच्या, कमी कौशल्याच्या श्रेणीत टाकण्यात आले, आणि त्या श्रेणीतही त्यांना पुरुषांच्या दराच्या ८५ टक्केच वेतन होते. त्यांनी संप केला. तडजोडीत वेतन पुरुषांच्या दराच्या ९२ टक्क्यांपर्यंत आले, आणि दोन वर्षांनी, १९७० मध्ये, ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला. पण आपले काम कुशल आहे ही त्यांची मूळ मागणी मान्य व्हायला १९८४ साल उजाडले, आणि त्यासाठी पुन्हा संप करावा लागला. टक्केवारीचा अन्याय सर्वांना लगेच दिसला. श्रेणीचा अन्याय दिसायला सोळा वर्षे लागली.

कामाचे मोल नव्याने ठरवताना कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या चार निकषांवर प्रत्येक कामाला गुण द्यावेत. गुण देणाऱ्या गटात वेगवेगळ्या विभागांची माणसे असावीत, आणि त्यांच्यापुढे ठेवलेल्या कामाच्या वर्णनावर पदाचे नाव किंवा सध्याचा पगार नसावा. पगार दिसला की गुण आपोआप त्याच्या मागे जातात. वर्णन ते काम करणाऱ्याशी बोलून तयार करावे. शंभर किलोचे ओझे एकदा उचलणे हे श्रम म्हणून नोंदले जाते, पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दिवसातून वीस वेळा कुशीवर वळवणे नोंदीतून निसटते. यंत्राची जबाबदारी मोजली जाते, मुलांची किंवा वृद्धांची जबाबदारी स्वभावाचा भाग मानली जाते. संतापलेल्या ग्राहकाला शांत करणे, एकाच वेळी चार गोष्टींवर लक्ष ठेवणे, बारीक काम तासन्‌तास न चुकता करणे, ही कौशल्ये ज्यांच्याकडे असतात त्यांना ती जन्मजातच आहेत असे समजून त्यांचे मोल शून्य धरले जाते. गुणांचा तक्ता पूर्ण झाल्यावरच त्याशेजारी पगाराचा रकाना मांडावा आणि सारख्या गुणांच्या कामांना सारखा पगार आहे का ते पाहावे.

नोकरीच्या प्रत्येक दारावर मोजणी करावी

भेदभाव का होतो याची अर्थशास्त्रात दोन मुख्य स्पष्टीकरणे आहेत, आणि कोणते लागू पडते त्यावर उपाय अवलंबून असतो. बेकर यांनी १९५७ मध्ये पूर्वग्रहाला एक किंमत म्हणून मांडले: मालक, सहकारी किंवा ग्राहक यांना एखाद्या गटाबरोबर वावरणे नको असते, आणि त्यासाठी ते पैसे मोजायला तयार असतात. या तर्कानुसार पूर्वग्रह बाळगणारा मालक स्पर्धेत मागे पडायला हवा, कारण तो स्वस्तात मिळणारी चांगली माणसे नाकारतो. काही प्रमाणात तसे होतेही, पण पूर्वग्रह ग्राहकांचा असेल तर त्यांना खूश ठेवणारा मालकच टिकतो. दुसरे स्पष्टीकरण एडमंड फेल्प्स आणि केनेथ ॲरो यांनी सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी दिले. मालकाच्या मनात आकस नसला, तरी अर्जदाराची माहिती अपुरी असते, म्हणून तो गटाच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल अंदाज बांधतो. ही तरुणी पुढेमागे नोकरी सोडेल असे गृहीत धरून तिला प्रशिक्षण नाकारले जाते. प्रशिक्षण नसल्याने बढती मिळत नाही. बढती नसल्याने ती नोकरी सोडते, आणि अंदाज खरा ठरल्यासारखा दिसतो.

नेमणुकीच्या दारावर काय घडते हे दाखवणारे सर्वांत भक्कम पुरावे प्रयोगांतून आले आहेत. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागो येथील जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले आणि त्यांवर गोऱ्या किंवा कृष्णवर्णीय वाटणारी नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून दिली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोऱ्या नावांना ९.६५ टक्के आणि कृष्णवर्णीय नावांना ६.४५ टक्के वेळा बोलावणे आले. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशाच प्रयोगात दलित आडनावांच्या अर्जांना वरच्या जातीच्या आडनावांपेक्षा कमी प्रतिसाद मिळाला, आणि मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. डेव्हा पेजर यांच्या २००३ च्या मिलवॉकीतील प्रयोगात तुरुंगवास भोगलेल्या गोऱ्या अर्जदाराला १७ टक्के, तर कोणताही गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीय अर्जदाराला १४ टक्के प्रतिसाद मिळाला. हे आकडे कोणत्याही पगारपत्रकात येत नाहीत, कारण ज्यांना दारातूनच परत पाठवले त्यांचा पगारच निघत नाही.

आपल्या आस्थापनेत असा प्रयोग करण्याची गरज नाही. अर्ज किती आले, मुलाखतीला किती बोलावले, किती घेतले, कोणत्या श्रेणीवर घेतले, पहिली वाढ आणि पहिली बढती कधी मिळाली, याची गटवार मोजणी पुरते. अमेरिकेत १९७८ पासून वापरला जाणारा चार-पंचमांशाचा ठोकताळा येथे सोयीचा आहे: एका गटाच्या निवडीचे प्रमाण सर्वाधिक प्रमाण असलेल्या गटाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्या टप्प्याची चौकशी करावी. बढतीस पात्र १०० पुरुषांपैकी ४० आणि ३० स्त्रियांपैकी ९ जणींना बढती मिळाली असेल, तर प्रमाणे ४० टक्के आणि ३० टक्के येतात. ३० हे ४० च्या ७५ टक्के असल्याने चौकशी हवी. संख्या लहान असल्याने एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. आणखी दोन-तीन वर्षांचे आकडे जोडून पाहावेत.

ज्या टप्प्यावर फरक पडतो तेथील अटी एकेक करून तपासाव्यात. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात असा निर्णय दिला की सर्वांना सारखीच लागू असलेली अटसुद्धा एखाद्या गटाला मोठ्या प्रमाणात बाहेर ठेवत असेल आणि कामाशी तिचा संबंध दाखवता येत नसेल, तर ती बेकायदा आहे. तेथे शालान्त प्रमाणपत्र आणि सर्वसाधारण चाचण्या यांची अट होती, आणि त्या अटी लागू होण्यापूर्वी लागलेले, त्या पूर्ण न करणारे कर्मचारी तेच काम समाधानकारकपणे करत होते. आपल्या यादीतील प्रत्येक अटीला हीच कसोटी लावावी.

माहिती मागावी, आणि तफावत बुजवावी

पगाराची गुप्तता हा भेदभावाचा सर्वांत भरवशाचा आडोसा आहे. लिली लेडबेटर या अमेरिकेतील टायर कारखान्यात १९७९ पासून काम करत होत्या. निवृत्तीच्या सुमारास हाती आलेल्या एका निनावी चिठ्ठीवरून त्यांना कळले की त्यांचा पगार महिना ३,७२७ डॉलर असताना त्याच पदावरील सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६ आणि सर्वाधिक पगाराच्या पुरुषाला ५,२३६ डॉलर मिळत होते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा दावा मुदतबाह्य ठरवला, कारण पगार ठरवण्याचे निर्णय फार पूर्वी झाले होते. २००९ मध्ये त्यांच्याच नावाचा कायदा होऊन प्रत्येक भेदभावपूर्ण पगारापासून मुदत नव्याने मोजली जाऊ लागली.

म्हणून कर्मचाऱ्याने प्रथम आपल्या कायद्यानुसार कोणती माहिती मागता येते ते पाहावे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशानुसार कर्मचाऱ्याला समान मूल्याचे काम करणाऱ्यांचे सरासरी वेतन लिंगनिहाय मागण्याचा हक्क आहे आणि अर्जदाराला पूर्वीचा पगार विचारण्यास मनाई आहे. पूर्वीच्या पगारावरून नवा पगार ठरवला तर एका मालकाने केलेला अन्याय पुढचा मालक नकळत चालू ठेवतो, हे त्या मनाईचे कारण. आइसलँडमध्ये २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्याने २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना आपली वेतनपद्धत समान आहे याचे प्रमाणपत्र मिळवणे बंधनकारक केले. त्यामुळे तपासाचे ओझे कर्मचाऱ्यावर न राहता मालकावर गेले, आणि मला तो सर्वांत रास्त मार्ग वाटतो.

तक्रार करताना तोंडी बोलण्याआधी स्वतःच्या कामाची यादी, तारखा, मूल्यांकने आणि तुलनेसाठी घेतलेल्या पदांची नावे लिहून काढावीत. मागणी अशी असावी की अमुक कामाच्या तुलनेत माझ्या वेतनातील फरक कोणत्या निकषामुळे आहे ते लेखी कळवावे. मला कमी मिळते या वाक्याला उत्तर टाळता येते. निकष मागितल्यावर तो सांगावा लागतो, आणि सांगितलेला निकष सर्वांना सारखाच लावला आहे का हे पडताळता येते.

तफावत सिद्ध झाली तर ती कमी पगार वाढवून बुजवावी. अमेरिकेच्या १९६३ च्या समान वेतन कायद्यात कोणाचाही पगार कमी करून समानता आणण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि तसा कायदा नसलेल्या ठिकाणीही हाच नियम पाळावा, कारण सहकाऱ्याचा पगार कापला गेला तर पुढची तक्रार करायला कोणी धजत नाही. दुरुस्तीनंतर बारा महिन्यांनी तोच तक्ता, त्याच व्याख्यांनी आणि कंत्राटी व सोडून गेलेल्या माणसांसह, पुन्हा भरावा. वाढवलेले पगार टिकले का हे त्यात दिसतेच. नव्याने रुजू झालेल्यांचे सुरुवातीचे पगार मात्र स्वतंत्रपणे पाहावेत, कारण जुनी तफावत बुजवल्यानंतर नवी तफावत बहुधा त्याच दारातून आत येते.